कुणाच्या हातचा खंड्या

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघी एका पक्ष्याच्या पंखावरून वाद घालत होतो.

पक्षी म्हणजे खंड्या. निळी पाठ, नारिंगी पोट आणि अंगाच्या मानाने भलतीच मोठी चोच. गाण्याच्या बाईंनी त्यांच्या गायनवृंदाच्या जॅकेटांवर, पाठीवर मधोमध, तो भरून मागितला होता. “गाणाऱ्यांना खंड्या कशाला? तो गात नाही, ओरडतो,” असं आईने त्यांना तोंडावर सांगितलं होतं. “म्हणून तर,” बाई म्हणाल्या होत्या, “आमचे लोक तुम्ही ऐकलेले नाहीत.” तेव्हापासून आईला त्या बाई आवडायला लागल्या होत्या.

आईचं काम मागच्या खोलीत चाले. खिडकीला लागून टेबल, टेबलावर एका सुईचं घरगुती एम्ब्रॉयडरी मशीन, शेजारी माझा जुना कॉम्प्युटर आणि भिंतीवर खिळ्यांना अडकवलेली धाग्याची रिळं. चित्र ती कागदावर काढायची. मग ते कॉम्प्युटरवर घेऊन मशीनला टाक्याटाक्याने सांगायचं की इथून इथवर जा, एवढं तिरकं जा, इथे थांब, रंग बदल. या कामाला पंचिंग म्हणतात. आई ते सगळं माऊसने, एकेक बिंदू देत करायची. एका पक्ष्यापायी कित्येक संध्याकाळी जायच्या.

आई डावखुरी. माऊस डाव्या हातात. आणि गेले काही महिने तिचा डावा खांदा दुखत होता. कधी कधी कळ कोपरापर्यंत उतरायची. आम्ही त्याला ‘माऊसचा खांदा’ म्हणायचो. ती गरम पाण्याची पिशवी घ्यायची, बाबा मलम चोळून द्यायचे आणि मी वाचनालयात नोकरीला असल्यामुळे खुर्चीची उंची, मनगटाचा कोन असल्या विषयांवर जे हाती लागेल ते वाचून तिला ऐकवायचे. त्या सगळ्या वाचनातून मी एवढंच काढलं होतं की हाताने पंचिंग करणं थांबलं पाहिजे. चित्र दिलं की टाके आपोआप बसवून देणारी सॉफ्टवेअर मिळतात. त्यातलं एक निवडायचं आणि खांद्याला सुटी द्यायची.

मी तीन आणली होती, चाचणीपुरती. एकाने पहिल्याच दिवशी खंड्याचा बटाटा केला. ते आईने बसल्या जागी काढून टाकलं. उरलेल्या दोघांना तिने नावं ठेवली, हावरट आणि भोचक. हावरटाला चित्र दाखवलं की ते दिसेल तिथे टाके घालत सुटे. कागदावर पडलेला चहाचा थेंबसुद्धा त्याने तपकिरी धाग्यात इमानेइतबारे भरायला काढला होता. भोचक पावलोपावली विचारी. हा रंग वेगळा धरू का? ही कड सोडू का? या भागातल्या टाक्यांची दिशा बदलायची आहे का?

“प्रवासात शेजारी बसलेल्या बाईसारखं आहे हे,” आई म्हणाली. “कुठे निघालात, कुणाकडे, एकट्याच का.”

“मग विचारू दे की. उत्तरं दे.”

“उत्तरंच देत बसायचं तर मीच करते ना सगळं.”

“आई, खांदा.”

“आहे खांदा. जागेवर आहे.”

त्या दिवशी मी रजा टाकली होती. दोन्ही सॉफ्टवेअरची मुदत संध्याकाळी संपणार होती आणि गायनवृंदाचा कार्यक्रम जवळ आला होता. जेवताना आईने जाहीर केलं, “आज काय तो निकाल.” तिची एक अट होती. जॅकेटच्याच कापडाचे तुकडे घेऊन त्यांवर पक्षी भरायचे, एक हावरटाचा, एक भोचकाचा आणि एक तिचा. तिचा तिने हाताने पंच करून ठेवला होता, मला न सांगता, दुखऱ्या खांद्याने. मग ती ते तुकडे मांडणार आणि कुठला कुणाचा हे माहीत नसताना मी त्यातला एक निवडायचा.

“त्यात तुझा कशाला?” मी विचारलं.

“कशाला म्हणजे? उमेदवार आहे मी.”

दुपारभर मशीन चाललं. रंग बदलायची वेळ झाली की ते थांबून पीं पीं करायचं, आई रीळ बदलून हिरवं बटण दाबायची आणि ते पुन्हा सुरू व्हायचं. दर वेळी बाबा दारात येऊन विचारायचे, “बोलावलं का?” बाबा बस डेपोत मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यापासून या मशीनला तेल घालणं एवढं एकच खातं त्यांच्याकडे उरलं होतं आणि ते ते मंत्र्याच्या थाटात सांभाळायचे. “तुम्हाला नाही, मला बोलावतंय,” आई म्हणायची. हा विनोद घरात इतका जुना झाला होता की त्यावर कुणी हसायचं नाही, पण तो चुकवायचंही नाही.

ऊन टेबलावर आलं तेव्हा आई म्हणाली, “चष्मिस, तोंड फिरव.”

मी फिरवलं. मागे कापड सारल्याचा आवाज झाला.

“आता बघ. यातला कुठला घेऊ जॅकेटांवर? खरं सांग. माझी भीड धरू नकोस.”

टेबलावर तीन चौकोनी तुकडे होते. चित्र तेच, धागे तेच. मला हात लावायचीही गरज पडली नाही. रेशमी धागा टाक्याच्या दिशेप्रमाणे उजेड परतवतो. दोन तुकड्यांवर पंख एकाच अंगाने भरला होता, अगदी नीटनेटका, इस्त्री फिरवल्यासारखा. तिसऱ्यावर मात्र पंख जिथे पाठीवर मिटतो तिथे टाक्यांनी हळूच वळण घेतलं होतं आणि त्या घडीपाशी एकच निळा धागा दोन निळे होऊन दिसत होता, एक उन्हातला आणि एक सावलीतला. बाकीचे दोन पक्षी कापडावर छापलेले होते. हा नुकताच येऊन बसला होता.

मी बोलायला तोंड उघडलं आणि आईकडे पाहिलं. तिने उजव्या हाताने डावा खांदा धरला होता. धरलाय हे तिच्या ध्यानातही नसावं. डोळे माझ्याकडे होते आणि अंगठा काखेच्या वर खोल दाबलेला होता.

मी मधल्या तुकड्यावर बोट ठेवलं. “हा.”

तो भोचकाचा होता.

“नीट बघ.”

“बघितला. हाच. कडा बघ किती स्वच्छ आहेत.”

“आणि तो?” तिने तिच्या पक्ष्याकडे बोट केलं नाही, नुसती हनुवटी हलवली.

“तोही बरा आहे,” मी म्हणाले. “पण हा जास्त बरा.”

तिने तो तुकडा जवळ ओढला. मग हसली. “ठरलं तर मग. भोचकबाई निवडून आल्या.”

त्यानंतर तिने जे केलं ते तिच्या रीतीला धरूनच होतं. एका चित्राची एकच प्रत ठेवायची, हा तिचा कायदा. पूर्वी एकदा दोन प्रतींच्या घोळात एका बेकरीच्या सगळ्या ॲप्रनांवर मालकाने नापसंत केलेला केक भरला गेला होता, तेव्हापासूनचा. तिने पेनड्राइव्हवरून तिचा पक्षी पुसला, मग कॉम्प्युटरवरून पुसला, मग कचऱ्याची टोपलीसुद्धा रिकामी केली.

“राहू दे ना,” मी म्हणाले.

“कशाला? पडलेला उमेदवार.” आणि तिचा तुकडा तिने दाराकडे भिरकावला. “घ्या हो, तुमच्या चिंध्यांत.” नापास तुकडे बाबांना तेल पुसायला जात, हीही रीतच होती. बाबांनी तो झेलला.

संध्याकाळी मी फिजिओथेरपीच्या बाईंची पुढच्या आठवड्यातली वेळ घेतली, माऊसच्या खांद्यासाठी. मला हलकं वाटत होतं. दिवस कारणी लागला असं माझं मत होतं.

*

सकाळी मला मशीनच्या आवाजाने जाग आली.

यात नवल काही नव्हतं. नवीन काम हाती घेतलं की आई उजाडताच बसायची. मशीनने हाक मारली, पीं पीं. रीळ बदलायला जितका वेळ लागतो तितका वेळ गेला. मशीनने पुन्हा हाक मारली. मी कूस बदलली. ते थांबलं आणि पुन्हा लागलं. मी डोळे मिटून हिरव्या बटणाची वाट बघत राहिले.

पॅसेजमधून बाबांचा आवाज आला, रोजचाच. “अगं, तुला बोलावतंय.”

पीं पीं.

“अगं, ऐकलंस का?”

मग त्यांनी तिला नावाने हाक मारली. बाबा तिला कधीच नावाने हाक मारत नसत. मी उठून धावले.

आई खुर्चीतच होती. दुपारी डोळा लागला तर जशी टेबलावर डोकं टेकून बसायची तशी. डाव्या हातात नारिंगी रीळ होतं. पाठ निळी भरून झाली होती आणि मशीन पोटासाठी नारिंगी मागत होतं. ते मागतच राहिलं. शेवटी बाबांनी भिंतीतली वायर उपटली.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर बाईंनी मला बाजूला घेतलं. “आधी डावा खांदा, हात, असं काही दुखायचं का त्यांचं?”

“हो,” मी म्हणाले. “माऊसमुळे.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग खाली मान घालून लिहू लागल्या. त्यांनी म्हणायचं काही उरलंच नव्हतं.

*

मावशी सोबतीला येऊन राहिली. आईची धाकटी बहीण, घरात शिरली की आधी दारं-खिडक्यांचा ताबा घेणारी. तिने मागच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि मला दबक्या आवाजात बजावलं, “ते मशीन चालू करायचं नाही. तुझ्या बाबांना परवा कुकरच्या शिट्टीने घाम फुटला. जॅकेटं परत देऊन टाक.”

मी मान हलवली. मलाही तेच बरं वाटत होतं.

गाण्याच्या बाई आल्या त्या जॅकेटं न्यायलाच. कार्यक्रम रविवारी होता. “आम्ही साधीच घालू,” त्या म्हणाल्या. “तुम्ही मनाला लावून घेऊ नका.” जॅकेटं काढायला मी खोलीचं दार उघडलं आणि त्या माझ्यामागून आत आल्या. पहिलं जॅकेट अजून मशीनवरच होतं, फ्रेममध्ये ताणलेलं. अर्धा खंड्या. निळी पाठ, राखाडी चोच, पोट मोकळं आणि डोळा अजून यायचा.

बाई वाकल्या. पंखावर हलकेच बोट टेकवलं.

“किती सुरेख,” त्या म्हणाल्या. “त्यांच्या हातचा ना हा?”

“तिच्याच,” दारातून मावशी म्हणाली. “तिच्याशिवाय कोण करणार.”

बाईंचे डोळे भरून आले. “मग हा एक तरी असाच ठेवते मी. आठवण म्हणून.”

मी त्या पंखाकडे बघत होते. एकाच अंगाने भरलेला. घडी नाही, सावली नाही. हा पक्षी बाईंच्या घरात आईच्या हातचा म्हणून राहणार होता, आणि तो आईच्या हातचा नव्हता. तिने आयुष्यात असा पंख भरला नव्हता. तो मी बोट दाखवलेला पंख होता.

“रविवारच्या आत देते,” मी म्हणाले. “सगळी. पण हे नाही, हे बिघडलंय. एक जॅकेट कमी मिळेल तुम्हाला.”

“तू?” मावशी म्हणाली. “तुला शर्टाचं बटण लावता येत नाही.”

“मशीन लावतं मावशी, मी नाही.”

“आणि तुझे बाबा?”

मी फ्रेममधून ते अर्धं जॅकेट सोडवायला घेतलं.

*

बाबांना मी चहा देताना सांगितलं. ते कपाकडे बघत होते.

“चालू करणार तू ते?”

“हो.”

“दुसरीकडून करून घे. कारखान्यातून. चित्र आहे ना तुमच्याकडे ठरलेलं.”

“ते नको आहे मला, बाबा. आईने हाताने केलेला होता ना, तो हवाय.”

“तो तर तिने पुसला.” त्यांनी एक घोट घेतला. “त्या दिवशी झोपताना बोलली मला. म्हणाली, चष्मिसला माझा ओळखू आला नाही. मी म्हटलं, वाईट वाटलं का? तर म्हणाली, छे, सुटले एकदाची. एवढी वाचणारी पोरगी, तिला फरक कळला नाही, तर जगाला काय कळणार. हसत होती.” ते थांबले. “मग कूस बदलत राहिली. म्हटलं काय होतंय, तर म्हणाली खांदा. मी मलम लावलं.”

त्यांनी कप खाली ठेवला. हात तसाच अर्धवट वळलेला राहिला, मलम घेतल्यासारखा.

मला तेव्हाच बोलता आलं असतं. वाक्य तयार होतं. पण मी ते बोलले असते तर का हेही सांगावं लागलं असतं, आणि त्या ‘का’चं उत्तर खांदा होतं. तो खांदा बाबा रोज चोळत होते. मी कप उचलले.

“तो तुकडा कुठे आहे?” मी विचारलं. “तिचा. चिंध्यांच्या डब्यात पाहिला मी, नाही मिळाला.”

बाबांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि चौपदरी घडी केलेला कापडाचा तुकडा काढून टेबलावर ठेवला.

“तेल लागलेलं नाही त्याला,” ते म्हणाले. “परत देशील?”

“देईन.”

*

भोचक मी विकत घेतलं. हावरटाचा विचारही केला नाही. त्याने एकदा ठरवलं की ठरवलं, माणसाला मध्ये हात घालू देत नाही. भोचक विचारतं, आणि जे विचारतं त्याला उत्तर देता येतं. आईच्या ज्या तक्रारीवर मी हसले होते तीच आता माझ्या उपयोगाची होती.

आईचं मूळ चित्र मी त्याला दिलं. पंखाशी आल्यावर त्याने नेहमीचा प्रश्न टाकला. या भागातल्या टाक्यांची दिशा बदलायची आहे का? मी वाचनालयातून आणलेलं भिंग आईच्या तुकड्यावर धरलं आणि हो म्हटलं. मग त्या एका ‘हो’ला शेकडो बिंदू लागले. टाके कुठे वळतात, वळताना आखडतात की लांबतात, एक थर दुसऱ्याखाली किती सरकतो. वाचताना मी ओळीखालची ओळ वाचते असं मला वाटायचं. धाग्याखालचा धागा मी पहिल्यांदाच बघत होते. आईने पंखाच्या टोकाला एक टाका मुद्दाम बाहेर काढला होता, एखादं पीस विस्कटावं तसा. माझ्या पडद्यावर भोचकाने तो चूक म्हणून लाल दाखवला आणि पुसू का विचारलं. मी नाही म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं.

“नाही म्हटलं ना,” मी मोठ्याने म्हणाले. स्वयंपाकघरात मावशीचं भांडं वाजायचं थांबलं.

रविवार जवळ येत होता. घडी जमत नव्हती. कधी दोन दिशांच्या मध्ये फट पडे, कधी टाके एकावर एक चढून तिथे गाठ होई. तिसऱ्या प्रहरी केव्हातरी माझ्या उजव्या खांद्यात कळ आली.

मी माऊस सोडला. कळ दंडात उतरली. मी तशीच बसून राहिले, श्वासही जपून घेत, आणि घराच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे, हाक मारली तर ऐकू जाईल का, याचा हिशेब करत. मग उठून स्वयंपाकघरात गेले. मावशीने चहाचं आधण ठेवलं होतं. पाण्याला उकळी येईपर्यंत माझा खांदा मोकळा झाला होता.

मी ओट्याला धरून उभी राहिले. माऊसचा खांदा म्हणजे हा. उठून उभं राहिलं की जातो. आईचा रात्री झोपेत दुखायचा, पायऱ्या चढताना दुखायचा, हातात माऊस नसताना दुखायचा, आणि आम्ही तिघांनी मिळून त्याला नाव ठेवलं होतं.

“काय झालं गं?” मावशीने विचारलं.

“काही नाही. पाय आखडले.”

*

दुसऱ्या दिवशी सकाळी घडी पडद्यावर तरी जमली. आता कापडावर उतरवून बघायची होती. मी हॉलमध्ये गेले. बाबा खिडकीशी बसले होते, मावशी पेपर घेऊन शेजारी.

“बाबा, मशीन लावतेय. हवं तर तुम्ही दोघं जरा फिरून या.”

मावशी लगेच चपला शोधायला उठली. बाबा उठले नाहीत.

“तेल घातलंस?”

“नाही.”

“मग लावतेयस कसं? इतके दिवस बंद पडलंय. कोरडं चालवलंस तर सुई अडकेल.” ते उठले, कपाटातून तेलाची बारीक चोचीची डबी काढली आणि माझ्यापुढून मागच्या खोलीत गेले. दाराशी क्षणभर थांबले, एवढंच. आईची खुर्ची त्यांनी बाजूला सरकवली नाही. वळसा घालून गेले. तेल घातलं, चाक हाताने फिरवून पाहिलं, बोटांवरचं तेल स्वतःच्या सदऱ्याला पुसलं. मग वाकून वायर भिंतीत लावली.

मी आईच्या खुर्चीत बसले. फ्रेममध्ये जॅकेटच्या कापडाचा तुकडा ताणला, खालून अस्तराचा कागद लावला, राखाडी धागा ओवला. हिरवं बटण दाबलं.

चोच झाली. मशीन थांबलं. पीं पीं.

बाबांनी खुर्चीची पाठ पकडली. मी शक्य तितक्या लवकर निळा ओवला, सुईचं भोक दोनदा चुकलं, आणि बटण दाबलं.

निळा मोठा होता. आम्ही दोघं सुईकडे बघत होतो. पाठ भरत गेली, मग पंख. घडीपाशी मी श्वास धरला. सुई तिथे पोचली, वळली, आखूड टाके घेत पलीकडे गेली. फट नाही पडली. गाठ नाही झाली. खिडकीतून ऊन आत येत होतं. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या एका धाग्याचे दोन निळे झाले. शेवटी टोकाला तो एक विस्कटलेला टाका बाहेर आला आणि मशीन थांबलं.

पीं पीं. आता त्याला नारिंगी हवा होता.

मी खिळ्यावरून रीळ काढलं. आईच्या हातात होतं तेच रीळ, दुसरं नव्हतं. हातात घेतलं आणि मला ते ओवता येईना.

बाबा पुढे वाकले. आईचा तुकडा त्यांनी टेबलावरून उचलून फ्रेमशेजारी धरला, आणि डेपोत इंजिनाचे दोन भाग ताडून बघावेत तसे दोन्ही पंख कितीतरी वेळ ताडून पाहिले.

“घडी आली आहे,” ते म्हणाले. “तिच्याइतकी नाही. पण आली आहे.”

पीं पीं.

“हा टाकासुद्धा घेतलास तू. टोकाचा.” त्यांचं बोट त्या बाहेर आलेल्या टाक्यावर होतं. आवाजात दोष नव्हता. यंत्राचं काही लक्षात आलं नाही की ते ज्या आवाजात विचारायचे त्याच आवाजात त्यांनी विचारलं, “इतकं बारीक दिसतं तुला. मग त्या दिवशी कसा नाही ओळखू आला?”

पीं पीं. मशीन थांबलं, आणि पुन्हा लागलं. मी रीळ घट्ट धरलं होतं.

“आला होता, बाबा.”

त्यांनी टाक्यावरचं बोट उचललं.

“बघितल्या बघितल्या आला होता. तिने खांदा धरला होता. तुझा निवडला असता तर पुढचं प्रत्येक चित्र तशीच हाताने पंच करत बसली असतीस, म्हणून मी…” बोलता बोलता मी त्यांना ‘तुझा’ म्हणून गेले होते, आणि आम्हा दोघांनाही कळलं की मी त्यांच्याशी बोलत नाहीये. बाबांनी तुकडा छातीशी धरला आणि एक पाऊल मागे सरले, मध्ये जागा करून द्यावी तसे.

मशीन हाक मारत होतं. मी टेबलाच्या लाकडाकडे बघितलं, जिथे तिचं डोकं टेकलेलं होतं, आणि म्हणाले, “आई, मला तुझा ओळखू आला होता. हात लावायच्या आधीच. तिघांत तोच चांगला होता. नेहमी तुझाच चांगला असायचा.”